आरीचं दार

मांडवांचा सण उरकला होता. राजवाड्याच्या गच्चीवर सणासाठी उभारलेली खोप गडी मोडत होते आणि खजुराच्या सुकलेल्या झावळ्या सपासप अंगणात येऊन पडत होत्या. तिर्सा राणी जिन्याच्या पायरीवर बसून ते बघत होती. डोळे तिकडे होते, कान मात्र मागच्या खोलीत. आत तिचा हनान दूध पीत होता. चुटूचुटू प्यायचा, मधेच थांबून स्वतःशी काहीतरी बडबडायचा, पुन्हा प्यायचा. दूध तिचं नव्हतं, अताराचं होतं.

तिर्साला दूध कधी आलंच नाही. पहिला मुलगा शेळीच्या दुधावर ठेवला, तो दात यायच्या आधीच गेला. हनान झाला तेव्हा कुणी तसला धोका पत्करायला तयार नव्हतं. लोकरीच्या कोठीत काम करणारी अतारा नुकतीच बाळंत झाली होती. दुष्काळात ती आणि तिचा नवरा तकोवाहून आले होते आणि भाकरीच्या बदल्यात राजघराण्याचे दास झाले होते. सहा वर्षं काम करायचं, सातव्या वर्षी मोकळं व्हायचं, हा इस्राएलातला नियम. नवरा राजाच्या मेंढरांमागं गेला. अताराला वर बोलावून घेतलं, राजपुत्र तिच्या मांडीवर दिला आणि तिचं स्वतःचं तान्हं पोर तकोवाला आजीकडे पाठवलं. ते तिकडे शेळीच्या दुधावरच वाढलं. वाढलं, हे देवाचं देणं.

अतारा हनानला कडेवर घेऊन बाहेर आली. त्याच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ गेला होता.

"बाईसाहेब, आता चावतो हो हा," ती म्हणाली. "आणि पितो कसा, तर कर वसूल केल्यासारखा. शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडत नाही. राजाचं रक्त लपत नाही ते असं!"

तिर्सा हसली. "सणाला तुझा उज्जी आला होता ना गं? भेटला का?"

"आला होता. माझ्या आईबरोबर." अतारानं हनानचं तोंड पदरानं पुसलं. "मी हात पुढं केले, तर तिच्या मागं जाऊन लपला. म्हणतो, आजी, ही बाई कोण?" ती हसली. मग त्याच पदरानं तिनं स्वतःचंही तोंड पुसलं. "असू दे. आता अमावस्येला आमचे हे गाढव घेऊन येणारेत. सहा वर्षं भरली आमची. घरी गेल्यावर रोज दिसले की ओळखेल हळूहळू. नाही का?"

"ओळखेल की," तिर्सा म्हणाली, आणि अमावस्येला किती दिवस उरलेत हा विचार तिनं मनात येऊ दिला नाही.

संध्याकाळी राजा आला. मंदिरातून आला की तो आधी मुलाकडे येई. टेकड्याटेकड्यांवरचे मूर्तिस्तंभ तोडून जाळणारा राजा म्हणून रस्त्यावरची पोरंसोरंसुद्धा त्याची गाणी म्हणत. घरात मात्र तो हनानसमोर गुडघ्यांवर बसायचा आणि मेंढीसारखं बें बें करायचा. हनाननं त्याच्या दाढीवर झेप घेतली. हनानचा अंगरखा वर सरकला आणि त्याच्या कमरेचा दोरा दिसला. दोऱ्यात मिसर देशाचा बुटका निळा देव ओवलेला होता, जीभ बाहेर काढलेला, बाळांना दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो. राजमातेनं बारशालाच बांधला होता. राजाचा हात आपसूक गेला, त्यानं अंगरखा खाली ओढला आणि पुन्हा बें बें सुरू केलं.

मुलाला आत नेल्यावर तो तिर्साजवळ बसला.

"अताराची मुदत संपली म्हणे."

"हो. अमावस्येला जाईल."

"आणि हा?"

तिर्सानं आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, तिला थोडं थांबायला सांगितलं तर? वर्षभर?"

"सातवं वर्ष लागल्यावर एक दिवससुद्धा ठेवून घेता येत नाही. नियमशास्त्रात स्पष्ट आहे. माझ्या घरात नियम मोडायचा नाही, तिर्सा." तो हे इतकं मनापासून म्हणाला, की तिला त्याची माया आली. मग आवाज जरा खाली आणून तो पुढं म्हणाला, "पण त्याच नियमशास्त्रात आणखीही एक आहे. दास स्वतःच्या तोंडानं म्हणाला की माझं या घरावर प्रेम आहे, मी जाणार नाही, तर त्याला दाराशी न्यायचं, कान फळीला टेकवायचा आणि आरीनं आरपार टोचायचा. मग तो कायमचा त्या घरचा."

"ती नाही म्हणणार असं."

"तिला विचारायचं कसं ते मंदिरातल्या याजक मेरायाला कळतं. हनानवर तुझी माया आहे का, एवढंच तो विचारेल. ती काय नाही म्हणणार आहे? तिच्या तोंडचं उत्तर, साक्षीदारांसमोर. कुणी जबरदस्ती केली असं होणार नाही."

"कायमची, अहो?"

"कायमची म्हणजे काय गं! पोर मोठं झालं की मी सोडीनच तिला. मी काय राक्षस आहे?"

खरं सांगायचं तर तिर्साला आधी हायसंच वाटलं. पहिल्या मुलाचं शेवटचं हलकं झालेलं अंग तिच्या हातांना अजून आठवत होतं. अतारा राहणार, हनान पीत राहणार, आणि तेही नियमाला धरून. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी राजमाता ओसरीत बेदाणे निवडत बसली होती. तिर्सा शेजारी जाऊन बसली आणि उगाच चार बेदाणे इकडचे तिकडे करत राहिली.

"काय झालंय सूनबाई? देठासकट टाकताय भांड्यात."

तिर्सानं सांगितलं. राजमातेनं मान डोलावली. तिला यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"माझा मुलगा देवमाणूस आहे हो. टेकडीवरचं माझं पूजेचं झाड तोडलं त्यानं, मी ब्र काढला नाही. नियम म्हणजे नियम. पण नातवाच्या कमरेचा दोरा काही काढला नाही."

"त्यांनी पाहिला नसेल, आईसाहेब."

"पाहिला नाही?" म्हातारी खुदकन हसली. "अहो, रोज झाकतो तो! बापही असाच होता त्याचा आणि आजाही. घरातलं मोडायचे नाहीत, झाकायचे. ही माणसं लोकांच्या टेकड्या साफ करतात, घरात आली की डोळे मिटतात. तरी बरं, नाहीतर आपलं कसं चाललं असतं?" आणि तिनं एक मोठा बेदाणा तोंडात टाकला.

तिर्सा उठली. पाय तिला कुठं नेताहेत हे तिला कळत होतं.

मागच्या अंगणात दासांच्या राहण्याच्या ओळीला एक जुनं देवदाराचं दार होतं. सगळे त्याला आरीचं दार म्हणत. दिवसातून दहादा तिर्सा त्या बाजूनं जाई, पण दाराकडे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. आज तिनं फळीवरून बोट फिरवलं. बारीक बारीक भोकं होती, किड्यानं खाल्ल्यासारखी. पण किडा इतकी सरळ भोकं पाडत नाही. सगळी माणसाच्या कानाच्या उंचीला होती, काही वर, काही खाली.

दाराशी अहलाई म्हातारी जात्यावर जव दळत होती. तिच्या उजव्या कानाची पाळी लोंबून मऊ झाली होती आणि मधल्या भोकातून करंगळी गेली असती.

"काय शोधताय, राणीबाई?"

"अहलाई, यातलं तुझं कुठलं गं?"

म्हातारीनं जातं थांबवलं. कंबरेवर हात देत ती उठली आणि दाराशी येऊन उभी राहिली. तिचं डोकं कसंबसं कडीपर्यंत पोचत होतं. तिनं बोट वर केलं, बरंच वर. "हे. तेव्हा ताठ होते मी."

"दुखलं होतं?"

"टोचताना? छे. मुंगी चावावी तसं." ती पुन्हा जात्याशी बसली. "मला विचारलं, धनीणबाईंवर तुझी माया आहे का. होतीच की. गोड बाई होती, तुमची आजेसासू. मी म्हटलं, आहे. झालं. जायचंय का, हे मात्र मेलं कुणी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं हो." तिनं मूठभर जव जात्यात टाकले. "एन-गेदीला पाण्याजवळ घर होतं आमचं. मेंदीची झुडपं होती दाराशी. तुम्ही पाहिलंय का एन-गेदी?"

तिर्सानं मान हलवली.

"मग काय पाहिलंत!" म्हातारी म्हणाली आणि जातं पुन्हा घरघरायला लागलं.

तिर्सा वर आली ती सरळ आपल्या पेटीशी गेली. शबा देशाहून आलेल्या बोळाची, त्या कडू सुगंधी डिंकाची, कुपी लग्नात मिळाली होती. सणासुदीला केसांना लावायला त्यातला कणभर ती काढी. कुपी घेऊन ती अताराच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. हनान खाली बसून सुतळीच्या गुंडीशी खेळत होता.

"अतारा, ऐक. अमावस्येला दाराशी बोलावतील तुला. विचारतील, हनानवर माया आहे का. तू हो म्हणालीस की आरी."

अतारा खाली बसली. गुंडी गडगडत तिच्या पायाशी आली, ती तिनं न बघता परत ढकलली.

"मी काय म्हणणार, बाईसाहेब? नाही म्हणू? हा समोर असताना? हात पुढं करून माझ्याकडे बघत असताना?" "मी नाही म्हणूच शकणार नाही. ठाऊकच आहे त्यांना."

"म्हणून त्याचं दूध तोडायचं. आजपासून."

"लहान आहे अजून."

"तिसरं लागेल आता. लोक याच सुमाराला तोडतात." तिर्सानं कुपीचं बूच काढलं. खोलीभर मंदिरासारखा वास पसरला. "हे छातीला लाव. जिभेला विष वाटतं."

अतारा कुपीकडे बघत राहिली. मग रडता रडता हसली. "आमच्या गावात कोरफड लावतात. राजाच्या पोराला बोळ लागतो, बघा!"

पहिल्यांदा तोंड लावल्यावर हनाननं अशी चर्या केली, की दोघींना हसू आवरेना. मग त्यानं पुन्हा प्रयत्न केला, थुंकला आणि अताराकडे बघून "छी!" म्हणाला. त्यात राग होता आणि त्याहून जास्त नवल होतं. आपलं जग असं कसं झालं, हे त्याला उमगत नव्हतं. मग मात्र तो रडला. अतारा लोकरीच्या कोठीत जाऊन बसली, छातीवर ओल्या कापडाच्या घड्या ठेवून. अंग तापलं होतं तिचं. रडणं तिथपर्यंत ऐकू येई आणि कापड भिजून जाई.

इकडे हनान तिर्साला लाथा मारत होता, तिचे केस ओढत होता. तिनं खजूर कुस्करून दिला, तो त्यानं भिंतीला फासला. भाकरीचा तुकडा तेलात बुडवून दिला, तो जरा चघळला. शेवटी तिनं शेळीचं दूध मागवलं. वाटी हातात घेतली, पण त्याच्या तोंडापर्यंत नेली नाही. याच वाटीनं नसेल, पण अशाच एका वाटीनं तिनं पहिल्याला पाजलं होतं. ती वाटी तशीच धरून बसून राहिली. हनान रडायचं थांबून बघायला लागला. मग त्यानं स्वतःच दोन्ही हातांनी वाटी धरली, तोंडाला लावली आणि प्यायला. वर पाहिलं तेव्हा त्याला पांढऱ्या मिशा आल्या होत्या.

"एवढा का रडतो हा?" राजानं संध्याकाळी विचारलं.

"दाढा येताहेत," तिर्सा म्हणाली. खोटं बोलली. आपणही झाकतोय, हे तिला कळलं आणि तिनं मान खाली घातली.

अमावस्येची शिंगं सकाळी वाजली. मागच्या अंगणात याजक मेराया आला, दोन साक्षीदार आले आणि राजाही आला. तो दाराकडे न बघता भिंतीवरच्या कबुतरांकडे बघत होता. अतारा प्रवासाचा झगा घालून, हातात गाठोडं घेऊन उभी होती. फाटकाबाहेर तिचा नवरा गाढवाची दोरी धरून उभा होता. आत काय चाललंय हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना बघून हसत होता.

"अतारा," मेराया म्हणाला, "देवासमोर खरं सांग. राजपुत्र हनानवर, या घरावर, तुझी माया आहे?"

अतारानं दाराकडे पाहिलं. "आहे," ती म्हणाली.

मेरायानं कमरेची आरी काढली.

"याजकबाबा, थांबा," तिर्सा म्हणाली. ती मुलाला कडेवर घेऊन पायऱ्या उतरत होती. "प्रश्न अर्धाच झाला. नियमशास्त्रात दास दोन गोष्टी म्हणतो, मीसुद्धा ऐकलंय. माया आहे, आणि मला जायचं नाही. दुसरं विचारा."

मेरायानं राजाकडे पाहिलं. राजानं कबुतरांवरची नजर काढली. मग तिर्सानंच विचारलं, "अतारा, तुला जायचंय?"

"जायचंय, बाईसाहेब." आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आणि हनान?" राजा तिर्साकडे वळला. "त्याचं काय? तू आई आहेस त्याची!"

"हनानचं दूध तुटलं," तिर्सा म्हणाली.

हनानच्या हातात अंजिराची वडी होती. तोंड, हात, अंगरखा, सगळं चिकट झालं होतं. अतारा दिसल्याबरोबर तो पुढं झुकला. अतारानं श्वास रोखला. त्यानं तोंडातली अर्धी चावलेली वडी बाहेर काढली आणि हात लांब करून तिच्यापुढं धरली. "अताला, घे."

तिनं ती घेतली आणि खाल्ली. खाताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

राजा तिर्साजवळ आला. आवाज फक्त तिला ऐकू जाईल इतकाच होता. "मला न विचारता?"

"तुम्ही तिला जसं विचारणार होतात, तसंच विचारलं असतं मी तुम्हाला. आवडलं असतं?"

त्याचा चेहरा लाल झाला. "मी नियम मोडला नसता, तिर्सा."

"नाही हो. म्हणून तर भीती वाटली मला."

दारावरच्या त्या भोकांवर त्याची नजर खिळली. अहलाई म्हातारी जात्याशी बसून त्याच्याकडेच बघत होती, अगदी साधेपणानं, लोंबत्या कानानिशी. राजानं मेरायाच्या हातातून आरी घेतली, हातात जोखली आणि परत त्याच्या हातात दिली.

"दासाला मोकळं करण्याबद्दल नियमशास्त्रात आधी काय सांगितलंय?"

"रिकाम्या हातानं पाठवू नये, महाराज. कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून द्यावं. आपले पूर्वजही मिसर देशात दास होते, याची आठवण ठेवावी."

"मग तिथून सुरुवात करायला हवी होती आपण," राजा म्हणाला. "कोठाराची दारं उघडा. आणि अहलाईला विचारा," त्याचा आवाज जरा अडखळला, "तिला एन-गेदीला जायचंय का."

"आता?" म्हातारी जात्यावरून ओरडली. "आता तिथं कोण आहे माझं! पण मेंदीचं एक रोप आणून लावा इथं दाराशी, चालेल मला."

जिन्यावरून राजमाता उतरत होती. "आणि मेजवानीचं काय? राजाच्या मुलाचं, माझ्या नातवाचं दूध तुटलं आणि एक कोकरूसुद्धा कापू नये? ही रीत आहे का? आधी मेजवानी, मग जाणं-येणं!"

मेजवानी झाली. अताराच्या नवऱ्याला राजाच्या पंगतीत बसवलं, तेव्हा तो हसायचंच विसरला. ऊन कलायला लागलं तसं गाढवावर जवाची पोती, द्राक्षारसाचा बुधला आणि मागं बांधलेल्या दोन मेंढ्या असं लटांबर तकोवाच्या वाटेला लागलं. अतारा काही वेळ मागं बघत चालली, मग पुढं बघून.

राजा आणि तिर्सा गच्चीवर उभे होते. सणाच्या खोपीच्या चार सुक्या झावळ्या अजून तिथं पडल्या होत्या. हनान राजाच्या कडेवरून वाटेकडे हात हलवत होता, गाढवाला की अताराला ते सांगता येत नव्हतं.

"तो तिला लगेच ओळखणार नाही," तिर्सा म्हणाली. "उज्जी. महिना-दोन महिने तरी बाईच म्हणेल."

हनान उसळला आणि अंगरखा वर गेला. निळा बुटका जीभ काढून बाहेर आला. राजाचा हात सवयीनं पुढं आला आणि मधेच थांबला. त्यानं त्या देवाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. दोरा त्यानं तोडला नाही. अंगरखाही खाली ओढला नाही. तसाच उघडा राहू दिला, वाऱ्यावर.

"दूध," हनान म्हणाला.

तिर्सा वाटी आणायला खाली गेली.